आमच्या घरची वायफायची पाटी

गेल्या मे महिन्यात आमच्या घरात एक पाटी लागली. उभ्या आयुष्यात मी किती पाट्या रंगवल्या त्याचा हिशेब नाही. दुकानांच्या, दवाखान्यांच्या, शाळांच्या, मंडळांच्या. पण स्वतःच्या घरासाठी रंगवलेली ही पहिलीच, आणि तिला पुरे तीन आठवडे गेले. ती का करावी लागली आणि तिच्यापायी घरात काय काय झाले, ते वाचकांना सांगावेसे वाटले. आपल्यापैकी ज्यांच्या घरी पाहुण्यांना खोल्या देतात, त्यांना त्यातले काही उपयोगीही पडेल.

आमचे गाव दापोली तालुक्यात. समुद्र घरापासून दोन-अडीच किलोमीटर. वडील मुंबईला गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि त्यात वडिलांची नोकरी जी गेली ती गेलीच. मी त्याआधीच एका पेंटरच्या हाताखाली ब्रश धुवायला लागलो होतो. पुढे त्याच ब्रशावर संसार केला, दोन मुलींची शिक्षणे केली, लग्ने केली. फ्लेक्स आल्यावर धंदा बसला. सहा तासांचे काम यंत्र सहा मिनिटांत करू लागले, तेव्हा यंत्राशी भांडण्यात अर्थ नव्हता. काही वर्षे इमारतींना रंग दिला, मग गुडघे बोलू लागले आणि आम्ही दोघे गावी आलो.

३ जून २०२० ला निसर्ग वादळ आले. आमच्या घरावरची कौले पत्त्यासारखी उडाली आणि परसातले नारळ-सुपारी आडवे झाले. नारळाचे नवे झाड लावले तर ते फळाला यायला वर्षे जातात. तेवढी वर्षे खायचे काय? थोरल्या मुलीने आणि जावयांनी हात दिला. घर दुरुस्त करतानाच वर दोन खोल्या काढल्या, सरकारी निवास-न्याहारी योजनेत नोंद केली आणि मुरूड-कर्द्याच्या किनाऱ्यावर येणाऱ्या पाहुण्यांना त्या द्यायला सुरुवात केली. घराला नाव दिले सावली. पाहुणे बहुतेक पुण्या-मुंबईचे. जेवण ही करते. खोल्या झाडणे, चादरी बदलणे, सकाळचा चहा आणि घावणे वर नेऊन देणे, हे सगळे तिच्याकडे. माझ्याकडे बाजारहाट आणि हिशेब.

पूर्वी कोकणात पाहुणा आला की विचारायचा, पाणी गार आहे का, मासे कुठले मिळतील. आता चप्पल काढायच्या आधी विचारतो, वायफाय आहे का? त्यालाही दोष देता येत नाही. २०२० च्या टाळेबंदीपासून अनेकांची कचेरी त्यांच्या पिशवीतच आली. सुट्टीवर आलेला माणूससुद्धा सकाळी अकराला मीटिंग म्हणून दार लावून बसतो. म्हणून आम्हीही कनेक्शन घेतले.

ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो. वायफाय म्हणजे तारेने घरात आलेले इंटरनेट एका डबीतून हवेत सोडणे. त्या डबीला राऊटर म्हणतात. वायफाय हे कशाचे तरी लघुरूप आहे असे पुष्कळजण सांगतात, पण ते तसे नाही. १९९९ साली कंपन्यांच्या एका संघाने बाजारासाठी ठेवलेले ते नाव आहे, आपल्याकडे साबणाला ठेवतात तसे. राऊटरला एक नाव असते आणि एक परवलीचा शब्द, म्हणजे पासवर्ड. तो फोनमध्ये अक्षर न् अक्षर बरोबर घातला तरच दार उघडते. मोठ्या लिपीतले अक्षर लहान झाले तरी चालत नाही.

आमच्या राऊटरच्या पोटाखाली कंपनीने एक चिठ्ठी चिकटवून दिली होती. बारा अक्षरांचा पासवर्ड, अक्षरे आणि आकडे एकमेकांत कालवलेले. मी तो एका जाड कागदावर माझ्या चांगल्या वळणदार अक्षरात उतरवून काढला आणि तो कागद कॅलेंडरच्या मागे ठेवला. पाहुणा आला की ही तो कागद नेऊन देई. काम चालले होते.

एकदा मी गॅसचा सिलिंडर आणायला दापोलीला गेलो होतो. वरच्या खोलीत एक तरुण पाहुणा आला होता. त्याने हाक मारली, "मावशी, पासवर्ड द्या ना, माझी मीटिंग सुरू होतेय." हिने कागद नेऊन दिला. त्याने घातला, लागला नाही. पुन्हा घातला, लागला नाही. मग त्याने कागद हिच्यासमोर धरला आणि विचारले, "मावशी, हा ओ आहे की झिरो? आणि हा एल आहे की आय?"

आमची ही चौथी शिकलेली आहे. मराठी वर्तमानपत्र वाचते, बचतगटाची वही तिच्याकडे आहे आणि त्या वहीत कधी चार आण्यांचा फरक निघाला नाही. पण इंग्रजी अक्षरांची नावे तिला येत नव्हती. ती म्हणाली, "गोल आहे ना, तोच."

तो हसला. कानाला फोन होता, त्यात इंग्रजीत काहीतरी बोलला आणि पुन्हा हसला. वाईट मुलगा नव्हता, जाताना पाया पडून गेला. पण मी संध्याकाळी घरी आलो तेव्हा चूल विझलेली आणि ही परसात पायरीवर बसलेली.

"उद्यापासून वरचा चहा तुम्ही न्यायचा," ती म्हणाली.

मी समजूत घातली. म्हटले, "अगं, तो माझ्या अक्षराला हसला असेल. ओ आणि शून्य मी सारखेच काढलेत, चूक माझी आहे."

"मग विचारलं मला कशाला? इंग्रजी मला येत नाही, पण हसलेलं कळतं."

मग बराच वेळ थांबून म्हणाली, "नाहीतर खोल्या द्यायच्या बंद करा. नारळ येतील हळूहळू."

हे ती रागाने बोलली असती तर मी मनावर घेतले नसते. ती अगदी शांतपणे बोलली. पुढचे दहा-बारा दिवस ती खरेच वर गेली नाही. चहा मी नेत होतो, आणि गुडघ्यांमुळे निम्मा बशीत सांडत होतो.

तेव्हा मी ठरवले की पाटी करायची. खोलीत भिंतीवर अशी पाटी लावायची की पाहुण्याला कुणाला काही विचारायलाच लागू नये. माझा धंदाच तो.

१९९० च्या आसपास मुंबईत गल्लोगल्ली एसटीडी-पीसीओची बुथे निघाली. पिवळ्या जमिनीवर काळी-तांबडी अक्षरे. त्या काळात मी त्या पाट्या इतक्या केल्या की झोपेतही पिवळा रंग दिसे. रात्री अकरानंतर पाव दर लागे, म्हणून बुथांवर रात्री रांगा लागत. गावाकडचे लोक एका हातात चिल्लर आणि दुसऱ्या हातात नंबराची चिठ्ठी घेऊन उभे असत. पाटी लांबून दिसली पाहिजे, वाकडी असली तरी चालेल पण वाचता आली पाहिजे, हे तिथे शिकलो. तरी ओ आणि शून्याचा फरक मात्र मी कधी केला नाही. आमच्याकडे दोन्हींना एकच स्टेन्सिल. दुकानाच्या पाटीवर त्याने बिघडत नाही, वाचणारा माणूस समजून घेतो. गाडीच्या नंबरात घोटाळा होऊ नये म्हणून आरटीओच्या मालिकांत आय आणि ओ ही अक्षरे टाळतात, हे मला नंबरप्लेटी रंगवत असल्यामुळे ठाऊक होते. ठाऊक असून घरच्या कागदावर मी तीच चूक केली.

पण वाचकहो, यापेक्षा मोठी चूक पुढेच आहे, आणि ती सांगायला जड जाते.

त्या दिवसांत काम फार असे. मी दिवसभर बाहेर भिंती रंगवायचो आणि रात्री चाळीच्या खोलीत पत्र्याच्या पाट्या करायचो. मी खडूची दोरी मारून ओळी आखायचो, अक्षरांच्या कडा काढायचो आणि आतला भाग ही भरायची. पोरी झोपल्या की दिव्याखाली बसायची आणि एक-दीडपर्यंत भरत राहायची. तिचा हात माझ्यापेक्षा स्थिर. कडेच्या बाहेर थेंब जायचा नाही. मराठी पाट्या, इंग्रजी पाट्या, सगळ्या. १४ एप्रिलच्या मिरवणुकीच्या कापडी फलकावर 'शिका' हा शब्द मी आखलेला आणि तिने भरलेला, असे कितीतरी वर्षे चालले.

आता पाटी करायची म्हणून मी पत्रा काढला तेव्हा तिला सहज विचारले, "त्या पोराने कुठली अक्षरे विचारली होती गं?"

ती म्हणाली, "एक वाटोळा. आणि एक काठी."

"काठी?"

"आपण एसटीडीत भरायचो ना, त्या टीची टोपी काढली की राहते ती काठी."

मला आधी हसू आले. मग तिने सांगितले की तिने सगळ्या अक्षरांना आपली आपली नावे ठेवली होती. बी म्हणजे दोन पोटांचा. एम म्हणजे दोन डोंगर. जे म्हणजे गळ, मासे पकडायचा. के म्हणजे लाथाड्या. ए म्हणजे शिडी. टी तेवढे नावाने माहीत होते, कारण एसटीडी हा शब्द सगळेच बोलायचे. वीस-बावीस वर्षे ही माझ्यासमोर बसून इंग्रजी अक्षरे भरत होती, आणि एकदाही मी म्हटले नाही की हा बी, हा के. तिनेही विचारले नाही. मी विचारले, "का नाही विचारलेस?" तर म्हणाली, "तुम्हाला घाई असायची."

त्यावर मला काही उत्तर देता आले नाही. मी पत्रा तसाच भिंतीला टेकवून ठेवला आणि दोन दिवस त्याला हात लावला नाही.

मग सुट्टीत थोरली मुलगी आली. ती एका शाळेत संगणक शिकवते. तिने माझा बेत ऐकला आणि म्हणाली, "बाबा, पाटी करा, पण आधी पासवर्ड बदला. जो पासवर्ड सांगता येत नाही तो पाटीवर लिहूनही फायदा नाही." तिने राऊटरमध्ये पाहुण्यांसाठी वेगळे नाव काढून दिले. आपले घरचे फोन एका नावावर, पाहुण्यांचे दुसऱ्यावर. त्यामुळे पाहुण्यांचा पासवर्ड अधूनमधून बदलता येतो आणि आपल्या फोनांना त्याची झळ लागत नाही. कनेक्शन आपल्या नावावर असते, म्हणून ही काळजी घ्यावी असे ती म्हणाली.

पासवर्ड आठ अक्षरांपेक्षा कमी चालत नाही. ही म्हणाली, "नुसते आकडे ठेवा, आकडे मला येतात." मुलगी म्हणाली, "आई, नुसते आकडे असले तर संगणक लावून कुणीही शोधून काढतो." मग मी एक मराठी शब्द सुचवला, पिंपळ. पण तो इंग्रजीत लिहायचा कसा? मी एका तऱ्हेने लिहिला, मुलीने दुसऱ्या, जावयांनी तिसऱ्या. पाहुणा चौथ्या तऱ्हेने लिहील. आपल्या भाषेतला शब्द इंग्रजी अक्षरांत घातला की त्याला हजार वाटा फुटतात.

शेवटी हिनेच तोड काढली. "आंबाकाजू," ती म्हणाली. मुलीने बोटांवर मोजले. ए, एम, बी, ए, के, ए, जे, यू. बरोबर आठ. त्यात ओ नाही, आय नाही, एल नाही. पुढे चार आकडे जोडले, त्यातही शून्य आणि एक घेतले नाहीत. एकूण बारा. (हा पासवर्ड आम्ही आता बदलला आहे, म्हणून छापायला हरकत नाही.)

मग मुलगी म्हणाली, "पाटीवर क्यूआर कोडही पाहिजे. पाहुण्याने कॅमेरा धरला की आपोआप लागते, काही लिहावे लागत नाही." गेल्या काही वर्षांतल्या बहुतेक फोनांत ती सोय आहे. भाजीवाल्याकडे पैसे द्यायला असतो तसलाच काळ्या-पांढऱ्या चौकटींचा ठोकळा. तिने तो फोनवर तयार करून दाखवला. म्हणाली, "दुकानात छापून लॅमिनेट करून घेऊ, पन्नास रुपयांत होईल."

मी म्हटले, "मी रंगवतो."

पोरगी माझ्याकडे बघतच राहिली. जावई हसले. पण कोकणच्या पावसाळ्यात छापलेल्या कागदाची काय दशा होते ते मी पाहिले आहे. लॅमिनेशनच्या आत बुरशी येते, आणि खिडकीसमोर लावले तर चकाकीने काही दिसत नाही. पत्र्यावर इनॅमल दहा वर्षे हलत नाही. शिवाय खरे कारण हेही होते की फ्लेक्सने एकदा माझ्या हातून काम काढून घेतले होते, निदान माझ्या घरात तरी मला ते परत हवे होते.

त्यासाठी आधी तो कोड काय असतो ते समजून घेतले. १९९४ साली जपानमध्ये डेन्सो या कंपनीत मासाहिरो हारा यांनी तो काढला, मोटारींच्या कारखान्यात सुट्या भागांची नोंद पटपट व्हावी म्हणून. कंपनीने तो सर्वांना फुकट वापरू दिला, म्हणूनच आज तो भाजीच्या गाडीपर्यंत आला. मुलगी म्हणाली, "बाबा, हे चित्र नाही, हे वाक्य आहे. फक्त चौकटींत लिहिलेले." त्या वाक्यात आधी सांगितलेले असते की हे वायफाय आहे, मग कुलपाचा प्रकार, मग राऊटरचे नाव, मग पासवर्ड. म्हणजे त्या ठोकळ्याचा कुणी फोटो काढला तरी आपला पासवर्ड त्याच्याकडे गेला. पाहुणे मिळावेत म्हणून खोलीचे फोटो टाकताना पाटी त्यात येऊ देऊ नये, हे तेव्हाच कळले. तीन कोपऱ्यांत तीन मोठे चौकोन असतात, त्यावरून फोनला कळते की ठोकळा सरळ आहे की उलटा.

आमचे वाक्य ज्या ठोकळ्यात बसले तो २९ घरे रुंद आणि २९ घरे उंच होता. एकूण ८४१ घरे. प्रत्येक घर मी सहा मिलिमीटरचे धरले. पत्रा घासला, प्रायमर दिला, जमीन रंगवली, वाळू दिली, आणि पेन्सिलीने जाळी आखली. आखून झाल्यावर पत्रा ओटीवर ठेवला आणि हिला हाक मारली.

ती आली, जाळीकडे बघितले आणि म्हणाली, "यात अक्षर कुठाय?"

मी म्हटले, "या वेळी अक्षर नाही. नुसती घरे. पण आधी एक काम आहे." आणि एका जुन्या पत्र्याच्या तुकड्यावर मी खडूने एक लहान ए काढला. म्हटले, "हा ए."

"हा? ए म्हणजे शिडी ना?"

"ती मोठी. हा लहान."

अडचण अशी की पाट्यांवर आम्ही बहुतेक मोठीच अक्षरे रंगवली होती, आणि पासवर्ड सगळा लहान लिपीत होता. तिची जुनी नावे इथे चालेनात. मोठ्या एमचे दोन डोंगर, तर लहान एमला तीन पाय. मोठ्या बीला दोन पोटे, लहान बीला एकच. लहान ए तर मी शाळेत शिकलो तसा काढला होता, फोनवर तो निराळाच दिसतो, डोक्यावर छप्पर असलेला. पाटीवर फोनसारखाच काढायचा असे ठरले. जे मात्र लहान असला तरी गळच राहिला, वर एक टिकली तेवढी आली. तिला फार बरे वाटले.

रोज दुपारी जेवणे आटोपली की आम्ही ओटीवर बसायचो. मुलीने छापलेला नमुना मधे ठेवायचा. मी एकेक ओळ वाचायचो, "तीन काळी, एक पांढरे, दोन काळी," आणि ती भरायची. मधेच ती विचारायची, "यूच्या आधी काय होतं?" मी म्हणायचो, "तूच सांग." ती ब्रश थांबवून विचार करायची. "गळ... जे." मग पुढची ओळ. वाडीतली पोरे गडग्यावर बसून बघायची आणि म्हणायची, काकी-काका विणकाम करतात.

पहिली पाटी फुकट गेली. मी जुन्या सवयीने काळ्या जमिनीवर पांढरी घरे घेतली होती, काळ्या फळ्यावर खडू उठून दिसतो तशी. मुलीच्या फोनने ती वाचली, पण जावयांच्या जुन्या फोनने वाचेना. पांढऱ्यावर काळेच पाहिजे, सगळे फोन उलटे वाचत नाहीत. नऊ दिवसांचे काम होते. मला वाटले आता ही उठून जाईल. ती म्हणाली, "जमीन पांढरी करा, मी भरते." आणि पुन्हा भरायला बसली.

दुसरी पाटी वाचली गेली, मग मीच ती बिघडवली. कडेने वेलबुट्टी काढल्याशिवाय पेंटरचे समाधान होत नाही. मी ठोकळ्याला अगदी लागून तांबड्या रंगाची नक्षी काढली, आणि फोनला ठोकळा सापडेना. ठोकळ्याभोवती चार घरांइतकी पांढरी जागा मोकळी सोडावी लागते, नाहीतर तो कुठे सुरू होतो तेच फोनला कळत नाही. ती वेलबुट्टी टर्पेंटाइनने पुसून काढताना मला जे वाटले ते इथे लिहीत नाही. गंमत म्हणजे नंतर मुलीने मोजले तर आत चार घरे आम्ही चुकीची भरली होती. तरी फोनने वाक्य बरोबर वाचले. कोड करतानाच थोडी चूकभूल धरून जास्तीची घरे घातलेली असतात, एखादा कोपरा खरवडला तरी चालते. माणसाची चूक आधीच गृहीत धरणारी पाटी मी पहिल्यांदाच पाहिली.

ठोकळ्याच्या खाली मी मजकूर लिहिला, मराठीत आणि इंग्रजीत. वायफायचे नाव सावली. पासवर्ड अमुक, सगळी अक्षरे लहान, मधे जागा सोडू नये. वीज गेल्यास वायफाय बंद होते, थोडा धीर धरावा. दोन ओळी जागेच्या. आमच्या भिंती जांभ्या दगडाच्या, दीड फुटी. त्यातून वायफाय फारसे पलीकडे जात नाही. म्हणून लिहिले, खिडकीकडच्या खाटेवर बसल्यास चांगले मिळेल. पाटी बाहेर पडवीत न लावता खोलीत दाराच्या मागे लावली, उजेड समोरून पडणार नाही अशी.

आणि ती चालली. पाहुणे यायचे, दार लावायचे, फोन धरायचा, झाले. कुणी हाक मारीना. मी खुशीत होतो. महिनाभर तरी असेच गेले. चहा आता पुन्हा ही नेऊ लागली होती, पण ट्रे दाराशी ठेवायची आणि यायची. पूर्वी पासवर्डच्या निमित्ताने वर गेली की दोन शब्द व्हायचे, कुठले तुम्ही, मुलं किती, मासे कसे केले. तेही बंद झाले होते. माझ्या ते लक्षातही आले नाही.

मग एका शनिवारी साठीच्या एक बाई आल्या, बहिणीबरोबर. त्यांच्या फोनचा कॅमेराच फुटलेला. चष्मा गाडीत राहिलेला. मी खाली विहिरीवर पंप बघत होतो. वरून आवाज आला, "अहो, कुणी आहे का? मला हे वाचता येत नाही." मी पायऱ्यांकडे निघालो तोवर ही स्वयंपाकघरातून ओल्या हातांनीच वर गेली होती. मी पायरीवर थांबलो.

"लिहा," ही म्हणत होती. "ए. एम. बी. पुन्हा ए. के. परत ए. जे. यू. सगळी लहान घ्या हां. झालं? आता आकडे सांगते."

मग वर थोडी शांतता झाली आणि त्या बाई म्हणाल्या, "लागलं बाई!" त्यानंतर अर्धा तास तिघींचे बोलणे चालले होते. आमटी करपली.

रात्री जेवताना ती म्हणाली, "पाटीवर एक ओळ राहिली आहे."

"कुठली?"

"अडचण आल्यास मावशींना विचारा."

मी म्हटले, "जागा नाही खाली. आणि मुद्दाम तर ती लिहिली नव्हती, तुला त्रास नको म्हणून."

"बारीक लिहा," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी पाटी उतरवून ओटीवर घेतली. अगदी तळाशी बोटभर पट्टी मोकळी होती. मी दोरी मारली आणि पेन्सिल हातात घेतली, तर तिने ती काढून घेतली. म्हणाली, कडाही मीच काढते. तिला पाऊण तास लागला. ओळ शेवटाकडे किंचित वर चढली आहे, आणि 'मावशींना' मधला अनुस्वार तिने जरा मोठाच काढला आहे.